पारड्यांची अदलाबदल

निरीक्षकसाहेबांच्या घरी एकाच दिवशी, तासाभराच्या अंतरानं, दोन लॅपटॉप येऊन पोचले. एक थोरल्या मुलानं पाठवला होता, एक धाकट्या मुलीनं. दोघांनीही एकमेकांना न सांगता, बाबांना चकित करायचं म्हणून. बाबा चकित झाले, हे मान्य करायला हवं. पहिलं खोकं उघडून वहिनी (साहेबांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनीच म्हणत असे) "अगं बाई, केवढा हलका!" असं म्हणताहेत तोवर दाराची घंटा पुन्हा वाजली, आणि त्यानंतरचे नऊ दिवस त्या घरात कुणालाही सुखानं चहा पिता आला नाही.

लॅपटॉप हवा होता तो ग्रंथलेखनासाठी. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून निवृत्त झाल्यावर साहेबांनी 'वजनात मारण्याचे एकशे सात प्रकार' नावाचा ग्रंथ हाती घेतला होता. त्यातले एकोणीस प्रकार वहीत उतरले होते आणि वहीतलं अक्षर आता त्यांचं त्यांनाच लागत नव्हतं.

"दोन्ही ठेवा की," वहिनी म्हणाल्या.

"कशाला? घरात लॅपटॉप वापरणारा माणूस एक. एका माणसाकडे दोन लॅपटॉप म्हणजे साठेबाजी झाली."

वहिनी यावर काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. साहेबांनी ठेवलं नाही.

तर एक परत करायचा होता, दहा दिवसांच्या आत. पण कुठला? दोन्ही करडे, दोन्ही पातळ, दोन्हींची किंमत जवळपास सारखी. फरक होता तो प्रोसेसरचा, म्हणजे आतल्या मेंदूचा. थोरल्यानं पाठवलेल्यावर निळा स्टिकर होता, धाकटीच्या लॅपटॉपवर हिरवा. दोन्ही मेंदू कमी वीज खाणारे, इतके की दोघांच्याही पोटात पंखासुद्धा नव्हता.

थोरला दुसऱ्या शहरात राहायचा. तो फोनवर म्हणाला, "बाबा, डोळे झाकून निळा ठेवा. मी नेटवर तुलना वाचलीय."

धाकटी याच शहरात, पण पार दुसऱ्या टोकाला. ती म्हणाली, "तुम्हाला आवडेल तो ठेवा बाबा. माझा परत केलात तरी चालेल."

'चालेल' हा धाकटीचा लहानपणापासूनचा शब्द. दादाची जुनी सायकल? चालेल. सहलीला पुढच्या वर्षी? चालेल. आता ती पूल तपासणारी मोठी अभियंता होती आणि तिनं 'चालेल' म्हटल्याशिवाय पुलावरून गाडी जात नव्हती, पण घरात आली की शब्द तोच आणि आवाजही तोच.

साहेबांना चिंता पडली ती तिथंच. निळा ठेवला तर मुलीला वाटणार, शेवटी दादाचाच ठेवला. हिरवा ठेवला तर मुलाला वाटणार, तिला वाईट वाटू नये म्हणून ठेवला. त्यातून डोळे झाकून! चौतीस वर्षांत साहेबांनी डोळे झाकून पाव किलोचं मापसुद्धा पास केलं नव्हतं. निरोप समारंभात खात्यानं त्यांना एक किलोचं पितळी वजन भेट दिलं होतं, तेही त्यांनी घरी आल्या आल्या तोलून पाहिलं. सतरा ग्रॅम कमी भरलं. हेडक्लार्कशी ते सहा महिने बोलले नाहीत.

"चाचणी होईल," साहेबांनी जाहीर केलं. "निःपक्षपाती. साक्षीदारांसमोर. निकाल आकड्यांत. मग कुणाला काही बोलायला जागाच राहणार नाही."

"कोण काय बोलतंय?" वहिनींनी विचारलं. पण तोवर साहेब माळ्यावरून नोंदवही काढायला स्टुलावर चढले होते.

चाचणीची पद्धत ठरवण्यात दोन दिवस गेले. खात्याचा नियम असा, की दोन तराजू कधी एका ओट्यावर तपासायचे नाहीत. एकाचा धक्का दुसऱ्याला लागतो. म्हणून निळा लॅपटॉप पुढच्या खोलीत, खिडकीपाशी थोरल्याचं जुनं अभ्यासाचं टेबल होतं, त्याच्या काचेवर ठेवला गेला. हिरवा आतल्या खोलीत, पलंगावर, घडी केलेल्या रजईवर. तिथं पलंगाच्या डोक्याशी प्लगही सोयीचा होता. याचा कुणी विचार केला नाही. हात आपोआप तिकडे गेले.

काम काय द्यायचं? तर निरोप समारंभाचं चित्रीकरण होतं. बावन्न मिनिटांचं, त्यातली एकतीस मिनिटं हेडक्लार्कच्या भाषणाची. ते चित्रीकरण लहान फाइलमध्ये बदलायचं. असं काम दिलं की प्रोसेसरचा घाम निघतो, असं थोरल्यानंच सांगितलं होतं. साहेब पुढच्या खोलीत थांबून "सुरू!" असं ओरडणार, त्याच क्षणी आतून वहिनी बटण दाबणार, दोघांच्या हातात दोन घड्याळं. त्या घड्याळांची आधी एकमेकांशी तुलना करण्यात एक सकाळ गेली, ती मी हिशेबात धरत नाही.

"सुरू!" या आरोळीनं पहिले साक्षीदार आयतेच चालून आले. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई धावत खाली आल्या. त्यांना वाटलं, कुणी पडलं. कुणी पडलेलं नाही म्हटल्यावर त्यांची थोडी निराशा झाली, पण सल्ला दिल्याशिवाय परत जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"आधी दोघांचं इंटरनेट बंद करा," त्या म्हणाल्या. "रोग्याचं लक्ष दुसरीकडे असेल तर कुठला दात दुखतो ते तो नीट सांगत नाही."

हे बरोबर निघालं, म्हणून साहेबांना त्याचा राग आला.

खालच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर चौकशीच्या खिडकीमागे बसलेले. त्यांना साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली, तर त्यांनी नोंदवही उलटसुलट करून पाहिली, ओळखपत्राची प्रत मागितली, आणि "यासाठी बाजूच्या दारात विचारा" असं म्हणून दार लावून घेतलं. बाजूच्या दारात त्यांचाच भाऊ राहायचा. त्यानं साहेबांना परत काकांकडे पाठवलं.

पहिल्या फेरीत दोन्ही लॅपटॉप जवळजवळ बरोबरीत सुटले. साहेबांना हायसं वाटलं. दुसऱ्या फेरीत हिरवा मागे पडला. तिसऱ्या फेरीत निळा अकरा मिनिटांत मोकळा, आणि हिरव्याला लागली चौदा. प्रत्येक फेरीनंतर फाइल नीट झाली की नाही याची पडताळणी करणं भाग होतं, त्यामुळे हेडक्लार्कचं भाषण दर फेरीला दोनदा इमारतभर घुमत होतं. चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टरीणबाईंना "साहेब म्हणजे सचोटीचं चालतंबोलतं माप" इथपासून पुढची दोन पानं पाठ झाली होती आणि त्या ती जिन्यात मोठ्यांदा म्हणत.

हिरवा असा का वागतो, हे विचारायला साहेब कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो कुणाचा तरी कीबोर्ड टूथब्रशनं घासत होता.

"यात पंखा नसतो ना साहेब," तो म्हणाला. "गरम झाला की आपण होऊन हळू होतो. नाहीतर जळेल. खराबी नाही ती, अक्कल आहे त्याची."

"पण दुसरा नाही होत हळू."

"मग दुसरा गरम होत नसेल." एवढं बोलून तो पुन्हा ब्रश चालवू लागला.

हे साधं, सरळ, एका वाक्यातलं उत्तर घेऊन साहेब घरी आले आणि त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की हिरव्याचा स्वभावच तापट आहे. माणूस चौतीस वर्षं दुसऱ्याच्या चुका शोधत असला की असं होतं. नजर एकाच दिशेला जायची सवय लागते, आणि ती सवय लागलीय हे शोधायला कुणी निरीक्षक येत नाही.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. ते बाहेर गेलं साहेबांच्या तराजूमुळे. सहाव्या दिवशी त्यांनी दोन्ही लॅपटॉप तोलले. निळा खोक्यावर लिहिल्याप्रमाणे बरोबर भरला. हिरवा बारा ग्रॅम जास्त.

"बरंय की," वहिनी म्हणाल्या, "बारा ग्रॅम फुकट मिळाले."

"जास्त भरणं हीसुद्धा चूकच!" साहेब म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता. त्यांनी लगेच कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा असं करता करता बावीस मिनिटांनी एक मुलगी बोलू लागली. अतिशय गोड आवाजाची, आणि साहेबांचं एक अक्षर न ऐकणारी.

"चालू होत नाही का सर?"

"चालू होतो. वजन बारा ग्रॅम जास्त आहे."

"फुटलाय का?"

"नाही."

"चुकीचा रंग आलाय का?"

"अहो, वजन! मी स्वतः निवृत्त निरीक्षक आहे."

"समजलं सर. वर्णनाप्रमाणे नाही, असं टाकते. धन्यवाद, आपला दिवस आनंदात जावो."

साहेबांनी 'तक्रार नोंदवली' अशी नोंद वहीत केली आणि तिच्याखाली रेघ मारली. 'वर्णनाप्रमाणे नाही' असं टाकलं की कंपनीच्या यंत्रात माल परत न्यायची विनंती आपोआप तयार होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या विनंतीचा निरोप जिच्या नावावर खरेदी आहे तिच्या फोनवर जातो, हेही कुणी सांगितलं नव्हतं.

आठवा दिवस अहवाल लिहिण्यात गेला. एकेक अक्षर मुद्दाम कोरून, सुवाच्य, तीन प्रतींत. शेवटी शेऱ्याचा रकाना होता. तिथं निळ्यासमोर साहेबांनी लिहिलं: 'समाधानकारक.' हिरव्यासमोर बराच वेळ पेन धरून बसले आणि मग जे आकडे सांगत होते तेच लिहिलं: 'मूलतः मंदगती. परत करावा.'

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास शेवटची, केवळ शिक्कामोर्तबाची फेरी नुकतीच संपली होती (अकरा आठ, चौदा पाच), तोच दारात धाकटी उभी राहिली.

"अगं, तू? कामाच्या दिवशी?"

"तो लॅपटॉप न्यायला माणूस येतोय ना बाबा. त्याला द्यायचा नंबर माझ्या फोनवर आलाय. म्हटलं आपणच जावं, तुमची धावपळ नको."

"कुठला माणूस?"

तिनं फोन पुढे केला. 'आपली परतीची विनंती मान्य झाली आहे.' तारीख सहाव्या दिवसाची. म्हणजे तीन दिवस हा निरोप तिच्याजवळ होता आणि ती गप्प होती.

साहेबांना तोंडात मारल्यासारखं झालं. "मी विनंती केलेलीच नाही! मी फक्त वजनाची… बारा ग्रॅम…" त्यांचं वाक्य काही पुरं होईना. चाचणी पुरी व्हायच्या आधीच आपण निकाल लावला असं पोरीला तीन दिवस वाटत होतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना खरोखर लाज वाटली. मग माणूस लाज वाटली की करतो तेच त्यांनी केलं. कागद पुढे केला. "पण हे बघ, चाचणी रीतसर झालीय. नऊ फेऱ्या. निकाल तसाही हाच आहे."

धाकटीनं अहवाल उभ्या उभ्या वाचला. ती रोज असले अहवाल लिहिते आणि वाचते, त्यामुळे तिची नजर थेट शेऱ्यावर गेली. 'मूलतः मंदगती.' ती हसली.

"माझ्यासारखाच निघाला की," ती म्हणाली. "चालेल बाबा."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या.

ते दोघींनाही आठवत होतं, आणि आता साहेबांनाही आठवलं. धाकटीचा पहिल्या परीक्षेचा निकाल. चार गुणांनी नापास झालेली. साहेब तेव्हा रागावले नव्हते, ते फक्त शेजाऱ्यांना समजावून सांगत होते, ती आत आहे हे माहीत असताना: "थोरला चलाख आहे. ही मुळातच जरा मंद." मुळातच. शब्दसुद्धा बदललेला नव्हता.

तेवढ्यात कुरिअरवाला आला. चांगला पन्नाशीचा, झुबकेदार मिशांचा, घाईतला गृहस्थ. "एक लॅपटॉप, परत. नंबर सांगा."

धाकटीनं फोन वर केला. साहेब हिरवा लॅपटॉप आणायला आत गेले. पलंगापाशी वाकून त्यांनी तो उचलला. खालून चांगलाच तापला होता. रजईही तापली होती. आणि मग, मंजुरीचा शिक्का मारायच्या आधी चौतीस वर्षं हाताला जी सवय होती, ती हाताला आठवली.

तराजू रिकामा असतानाच एका बाजूला कलत असेल, तर त्याला पासंग म्हणतात. चलाख दुकानदाराचा पासंग डोळ्यांना दिसत नाही. तो पकडायची एकच युक्ती: पारड्यांतला माल इकडचा तिकडे करायचा. माल खरंच कमी असेल तर दोन्हीकडे कमी भरेल. पण जागा बदलल्यावर निकालही बदलला, तर खोट मालात नाही, तराजूत आहे. ही युक्ती साहेबांनी नव्या निरीक्षकांच्या दोन पिढ्यांना शिकवली होती. ग्रंथातला प्रकार पहिला तोच होता.

"थांबा," ते बाहेर येऊन कुरिअरवाल्याला म्हणाले. "अर्धा तास."

"अर्धा तास? अहो, मला अजून सतरा घरं आहेत."

"बसा. चहा घ्या. तुम्ही साक्षीदार."

साक्षीदार म्हणून आजवर त्याला कुणीच बोलावलं नसावं. तो बसला. साहेबांनी हिरवा लॅपटॉप टेबलाच्या काचेवर ठेवला आणि निळा पलंगावर, रजईवर. वहिनी आपलं घड्याळ घेऊन आत गेल्या. "सुरू!" साहेब ओरडले.

पहिल्या फेरीत दोघं जवळपास बरोबर. कुरिअरवाल्याचा पहिला चहा संपला. दुसऱ्या फेरीत हिरवा अकरा मिनिटं आणि सहा सेकंदांत थांबला. साहेब आतल्या दाराकडे बघत राहिले. बारा. तेरा. चौदा मिनिटं दोन सेकंद झाल्यावर आतून वहिनी म्हणाल्या, "झाला हो निळा."

साहेबांनी आकडे लिहिले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलाकडे पाहिलं: खिडकी, हवा, गार काच, पाय पसरायला जागा. मग आतल्या खोलीकडे: मागची भिंत, बंद झडप, रजई. या टेबलावर थोरला शिकला. तो शिकून दुसऱ्या शहरात गेला तरी ते 'दादाचं टेबल'च राहिलं, आणि धाकटी त्याच पलंगावर, त्याच रजईच्या घडीवर पुस्तक टेकवून बसत राहिली. तिला टेबल नाही म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. ती मागायला आली नाही. तिनं मागितलं असतं तर दिलं असतं, असं साहेबांना वाटलं, आणि आपण हे स्वतःला कुणासारखं सांगतोय तेही त्यांना कळलं. पकडलेला प्रत्येक दुकानदार हेच सांगतो.

"बाळ," ते म्हणाले. चाळीशीला आलेल्या मुलीला त्यांनी कितीतरी वर्षांत असं म्हटलं नव्हतं. "लॅपटॉप मंद नाही. दोन्ही सारखे आहेत. मी त्याला चुकीच्या जागी बसवला होता." थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "तुलाही. चूक माझी होती. तू मंद नव्हतीस."

धाकटीनं 'चालेल' म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द काही बाहेर पडला नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. कुरिअरवाला कपात बघत राहिला.

"मग," बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "कुठला न्यायचा?"

"कुठलाच नाही," वहिनी बाहेर येत म्हणाल्या. निळा लॅपटॉप त्यांच्या छातीशी होता. "दुसरा मी वापरणार आहे. पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, दोन्ही ठेवा. हे नऊ दिवस बटण कोण दाबत होतं, घराबाहेरचं कुणी?"

साहेबांनी नोंदवहीकडे पाहिलं आणि एक ओळ रिकामी सोडून नवा अनुक्रमांक घातला. एका दिवसात एकाच घरात दोन खोटे तराजू सापडण्याची त्यांच्या कारकिर्दीतली ही पहिलीच वेळ होती.

कुरिअरवाल्याच्या फोनमध्ये 'परत न्यायचं नाही' असा पर्यायच नव्हता. बरंच शोधून त्यानं 'पत्ता सापडला नाही' यावर बोट ठेवलं, तिसरा चहा संपवला, साक्षीदाराच्या रकान्यात झोकदार सही केली आणि पत्ता अगदी नीट लक्षात ठेवून निघून गेला.

साहेबांनी जुना शेरा खोडला. खोडलेल्या जागी सही केली, कारण खाडाखोडीला सही लागतेच. मग लिहिलं: 'दोन्ही समाधानकारक. पासंग निरीक्षकाकडे आढळला.' आणि तो कागद त्यांनी धाकटीपुढे सरकवला, खुर्ची मागे ओढली, टेबलावरची थोरल्याची जुनी पेनं खणात टाकली.

"इथं बसून वाच," ते म्हणाले. "आणि पटलं तरच सही कर."

ती बसली. हात काचेवर ठेवले, पाय टेबलाखाली पसरले. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली तिथंच बसून ती पहिल्यांदाच आल्यासारखी इकडे तिकडे बघत होती. तिनं कागद वाचला, पुन्हा वाचला, पण पेन काही उचललं नाही. खिडकीतून आलेल्या वाऱ्यानं कागदाचा कोपरा हलला, तो तिनं बोटानं दाबून धरला.

"इथं वारा किती छान येतो हो बाबा," ती म्हणाली.